गावच्या जत्रेला पहिल्यांदा जाताय? कुस्तीच्या फडापासून सकाळच्या हजेरीपर्यंत

चैत्र लागला की साताऱ्यापासून कोल्हापूरपर्यंत गावोगावच्या पारांवर एकच चर्चा सुरू होते: औंदा एक नंबरची कुस्ती कुणाची? पुण्या-मुंबईत वाढलेल्या, गाव फक्त आडनावापुरतं उरलेल्या मंडळींना ही चर्चा कानावर येते, पण जत्रेला नक्की कधी जायचं, कुठं उभं राहायचं, कुणाच्या घरी जेवायचं, हे कुणी सांगत नाही. गावातल्या माणसाला ते सांगण्यासारखं वाटतच नाही, कारण त्याला ते न शिकता येतं. म्हणून हा लेख. तो सातारा-सांगली-कोल्हापूर भागातल्या साध्या गावजत्रेबद्दल आहे. मराठवाड्यातल्या किंवा कोकणातल्या जत्रेचा रिवाज वेगळा, तिथं हेच चालेल असं समजू नका.

माझं पहिलं सांगणं असं की दीड दिवस काढता येत असेल तरच जा. दुपारी चारला पोचायचं, पाळण्यासमोर फोटो काढायचे आणि सहाला परत फिरायचं, यात फक्त ट्रॅफिक बघायला मिळतं.

तारीख आणि गाव

जत्रा तिथीवर असते, त्यामुळे गेल्या वर्षीची तारीख यंदा उपयोगाची नाही. तिथी दरसाल दहा-अकरा दिवस मागे सरकते आणि अधिक मास आला की एकदम पुढे जाते. बहुतेक गावच्या जत्रा होळीनंतर सुरू होतात आणि चैत्र-वैशाखात गर्दी करतात. शेतातली सुगी उरकलेली असते, पोरांच्या परीक्षा संपत आलेल्या असतात आणि पाऊस अजून लांब असतो.

फोनवर विचारताना "जत्रा कधी आहे?" असं विचारू नका. उत्तर मिळेल "सोमवारी", आणि तुम्ही सोमवारी सकाळी पोचाल तेव्हा गाव झोपलेलं असेल. विचारायचं असं: नैवेद्य कधी, छबिना (पालखीची मिरवणूक) कधी, कुस्त्या कधी आणि तमाशा कुठल्या रात्री. साधारण क्रम असा असतो की पहिल्या दिवशी गोडा नैवेद्य आणि रात्री पालखीचा छबिना, दुसऱ्या दिवशी दुपारी कुस्त्या आणि रात्री तमाशा नाहीतर ऑर्केस्ट्रा. पण हा क्रम गावागणिक बदलतो, म्हणून विचारून घ्यायचं.

ओळखीचं गाव असेल तर पहिल्यांदा तिथंच जा, मग ते कितीही लहान असो. सहकाऱ्याचं, मैत्रिणीच्या माहेरचं, भाडेकरूचं, कुणाचंही चालेल. "तुमच्या जत्रेला येऊ का?" असं विचारलं तर नाही म्हणणारा माणूस या भागात शोधावा लागेल. ओळख अजिबातच नसेल तर मोठ्या यात्रा आहेत. चैत्र पौर्णिमेला कोल्हापूरजवळ वाडी रत्नागिरीला जोतिबाची यात्रा, रंगपंचमीला वाई तालुक्यात बावधनचं बगाड (नवस फेडणाऱ्याला उंच आडव्या लाकडाला टांगून ओढत नेतात तो गाडा), पौषात कराड तालुक्यातल्या पालीला खंडोबा-म्हाळसेचं लग्न, मार्गशीर्षात पुसेगावला सेवागिरी महाराजांचा रथ. बघण्यासारखं खूप आहे, पण लाखाच्या गर्दीत तुम्ही भाविकांतले एक असता. पाहुणे व्हायचं असेल तर लहान गाव बरं.

जोतिबाला किंवा पालीला गेलातच तर अंगावर जुने कपडे घाला. जोतिबाला "चांगभलं"च्या गजरात गुलाल आणि खोबरं उधळतात, पालीला भंडारा आणि खोबरं. गुलाल कपड्यांतून निघता निघत नाही. खोबऱ्याचा तुकडा वरून डोक्यात बसतो तेव्हा चांगलाच लागतो, म्हणून टोपी किंवा उपरणं डोक्याला असावंच. चष्मा असेल तर जोतिबाच्या शासनकाठ्या (उंच, सजवलेल्या काठ्या) नाचत असतील तिथून चार हात मागं थांबा.

पोचल्यावर पहिल्यांदा काय करायचं

गाडी वेशीबाहेर लावा. गावातल्या आळीत घातलेली गाडी छबिन्याच्या वेळी बाहेर काढता येत नाही, आणि अख्खं गाव तिच्याभोवती उभं राहून तुमच्या नावानं बोलत असतं. एसटीनं जाणार असाल तर मोठ्या यात्रांना जादा गाड्या सुटतात. लहान गावाला मात्र शेवटची गाडी किती वाजता, हे उतरताना कंडक्टरलाच विचारून ठेवा.

आधी देवळात जायचं. भैरवनाथ, जोतिबा, सिद्धनाथ, खंडोबा, काळूबाई, जे ग्रामदैवत असेल त्याचं दर्शन घ्यायचं, नारळ फोडायचा. देवळाच्या दारात टेबल टाकून यात्रा कमिटीची माणसं पावतीपुस्तक घेऊन बसलेली असतात. त्यांच्याकडे जमेल तेवढी वर्गणी द्या आणि पावती घ्या. कुस्त्यांची इनामं, तमाशाची सुपारी, मंडप, दिवाबत्ती हे सगळं याच पैशांतून होतं. ज्या घरी जेवणार त्या घरी पैसे देऊ केलेत तर मात्र घरधनी दुखावेल. तिथं फळं न्या, पेढे न्या, पोरांच्या हातावर पाळण्यात बसायला पैसे ठेवा.

"पाव्हणं, कुठलं गाव म्हणायचं?" हा प्रश्न दहा वेळा येईल. "पुणे" हे उत्तर अपुरं धरलं जातं. आजोबांचं गाव माहीत असेल तर ते सांगा, तालुक्यासकट. पाच मिनिटांत त्या गावातला कुणीतरी समोरच्याचा साडू निघतो आणि तुम्हाला खुर्ची मिळते.

जेवण

पहिल्या दिवशी पुरणपोळी असते. सोबत कटाची आमटी, भात, कुरडई, भजी, आणि पोळीवर वितळलेलं तूप किंवा दूध. हा देवाचा नैवेद्य, त्यामुळे त्या दिवशी घरात खारं, म्हणजे मटण, शिजत नाही. दुसऱ्या दिवशी मात्र सकाळपासून गावभर कांदा-खोबरं भाजल्याचा वास असतो. त्या दिवशी बोकड पडतं आणि दारोदारी पंगती बसतात.

शहरी माणूस गोंधळतो तो इथं. मटणाच्या ताटात फोडी कमी आणि रस्सा जास्त दिसला की त्याला वाटतं आपल्याला कमी वाढलं. जत्रेच्या जेवणात रस्सा हेच मुख्य. ज्वारीची नाहीतर बाजरीची भाकरी ताटात कुस्करायची, मध्ये आळं करायचं, त्यात रस्सा ओतून घ्यायचा आणि बोटांनी कालवून खायचं. वाढपी बादली आणि पळी घेऊन फिरतच असतो. कोल्हापूरकडे तांबड्याबरोबर पांढरा रस्साही येतो, तो वाटीनं प्यायचा असतो. साताऱ्याकडे काळ्या मसाल्याचा एकच रस्सा, तिखट आणि पातळ. दोन्हीकडची माणसं दुसऱ्याच्या रश्श्याला नावं ठेवतात. तुम्ही पाहुणे आहात, जिथं बसलात तिथलाच चांगला म्हणा.

नको असेल तेव्हा "नको" म्हणून भागत नाही, ताटावर दोन्ही हात आडवे धरावे लागतात. पंगतीतून मध्येच उठू नका, शेजारच्याचं होईपर्यंत थांबायचं. मटण खात नसाल तर आल्या आल्या घरातल्या काकींना सांगून ठेवा, ऐन पंगतीत नको. पिठलं-भाकरी किंवा आदल्या दिवशीची पोळी आनंदानं मिळते. आणि एकाच घरी पोटभर जेवू नका, कारण कुस्त्यांना जाईपर्यंत आणखी दोन घरांतून बोलावणं येणार. तिथं दोन घास तरी खावे लागतात.

बाहेरच्या दुकानांतलं एकच आवर्जून घ्या: गोडी शेव. बेसनाची जाडसर शेव गुळाच्या पाकात घोळवलेली असते, वर पाकाचा पांढुरका थर. घेण्याआधी एक कांडी मागून मोडून बघा. कटकन मोडली तर ताजी. वाकली किंवा दाताला चिकटली तर पाक कच्चा राहिलाय, पुढच्या दुकानात जा. रेवड्या, बत्तासे, भजी, जिलेबी असतंच. गारेगार आणि बर्फाचा गोळा पोट कणखर असेल तरच. उसाचा रस बिनबर्फाचा मागा.

कुस्तीचा फड

जत्रेचं काळीज म्हणजे कुस्ती. बाकी सगळं टाळलंत तरी चालेल, हे नको.

आधी हँडबिल मिळवा. देवळात, चहाच्या टपरीवर, हल्ली व्हॉट्सअॅपवरही मिळतं. त्यावर सगळ्यात वर मोठ्या फोटोंसह एक नंबरची कुस्ती छापलेली असते, खाली दोन नंबर, तीन नंबर आणि पुढं इनामाचे आकडे उतरत जातात. मैदानात मात्र हे हँडबिल खालून वर वाचायचं. लहान कुस्त्या आधी, एक नंबरची सगळ्यात शेवटी, बहुतेक वेळा दिवे लागल्यावर. नावापुढे "महाराष्ट्र केसरी" किंवा "उपमहाराष्ट्र केसरी" असेल तर पैलवान मोठा. महाराष्ट्र केसरीची स्पर्धा 1961 पासून चालत आली आहे आणि जिंकणाऱ्याला चांदीची गदा मिळते. नावाखाली तालमीचं आणि वस्तादाचं नाव छापलेलं असतं, तेही वाचा. शेजारचा माणूस कुणाच्या बाजूनं ओरडतोय याचं कारण तिथं सापडतं.

तीनपर्यंत जागा धरा. गावातली मैदानं बहुधा उघडी आणि फुकट असतात, लोक चहूबाजूंनी जमिनीवर बसतात. पश्चिमेकडे पाठ करून बसा, नाहीतर मावळतीचं ऊन शेवटच्या कुस्तीपर्यंत डोळ्यांवर येतं. टोपी, पाण्याची बाटली आणि खाली टाकायला पंचा, एवढं पुरे. पायताण घालून तांबड्या मातीत पाय टाकायचा नाही, फोटोसाठी तर मुळीच नाही. ती माती चाळून, त्यात हळद, तेल, ताक, लिंबू घालून तयार केलेली असते, आणि पैलवान आत उतरताना तिला हात लावून तो कपाळाला लावतो.

सुरुवात रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी होते. सहा-सात वर्षांची पोरं लंगोट नाहीतर चड्डीवर उतरतात, पंच दोघांना पाठीला पाठ लावून उंची बघतो आणि जोड लावून देतो. जिंकणाऱ्याला मूठभर रेवड्या किंवा नारळ. एखादं पोरगं हरल्यावर रडत न जाता पंचाचा हात ओढून "आणि एक लावा" म्हणतं, तेव्हा सगळ्यात मोठी टाळी त्यालाच पडते. आता बऱ्याच मैदानांत मुलींच्याही कुस्त्या असतात आणि त्यांना प्रेक्षकांत दाद कमी नसते. या लहान कुस्त्या चुकवू नका. डाव इथंच ओळखू येतात, कारण पोरं ते सावकाश आणि उघडे मारतात. मोठ्या पैलवानांत तोच डाव पापणी लवायच्या आत होऊन जातो आणि तुम्ही शेजाऱ्याला "काय झालं?" विचारत बसता.

ओळखायला सोपे डाव आधी घ्या. एक पाय धरून उचलला की एकेरी पट, दोन्ही पाय धरले की दुहेरी पट. हात धरून खांद्यावरून आपटला की धोबीपछाड. मागे जाऊन कमरेला विळखा घातला आणि समोरच्याला खाली बसवलं की कब्जा घेतला. तिथून पुढं वरचा माणूस घिस्सा मारायला बघतो किंवा मानेवर गुडघा रोवून घुटना ठेवतो, आणि खालचा माती धरून पडून राहतो किंवा उलटी मारतो. सुरुवातीला नुसतीच हातांची झटापट चालते, ती खडाखडी. नवख्या माणसाला ती कंटाळवाणी वाटते, पण त्यात दोघं एकमेकांचा दम आणि तोल जोखत असतात. खडाखडी फार लांबली तर पब्लिकच ओरडतं आणि पंच दोघांना हलवून सोडतात.

निकाल साधा आहे. पाठ लागली, दोन्ही खांदे मातीला टेकले, की कुस्ती संपली, चितपट. गावच्या फडात लोकांना हीच निकाली कुस्ती हवी असते. वेळ संपला तर गुणांवर लावतात किंवा बरोबरीत सोडवतात, पण बरोबरीची कुस्ती बघून घरी जाणारा माणूस वाटभर कुरकुरत जातो.

कान उघडे ठेवा. हलगी, घुमकं आणि कैताळ वाजवणारे कलावंत कुस्तीबरोबर ठेका बदलतात. खडाखडीला संथ, पट निघाला की एकदम चढता. थोड्या वेळानं तुम्ही मान खाली घालून शेंगा फोडत असलात तरी हलगीवरून कळतं की आता वर बघायला हवं. जिंकलेला पैलवान कडेनं फेरी मारतो, लोक हातावर नोटा ठेवतात. दहा-वीसची नोट वरच्या खिशात सुटी ठेवा आणि "शाब्बास पैलवान" म्हणून द्या. हरलेल्यालाही दिली तर कुणी हसत नाही.

मोडलेल्या कानांचा एखादा म्हातारा शेजारी बसलेला असेल तर तुमचं नशीब. त्याला "वस्ताद" म्हणा आणि एखादा साधा प्रश्न विचारा. कराडकडचा असला तर तो गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांवर येणारच, 1952 ला हेलसिंकीत ब्राँझ आणलं ते आमच्या शेजारच्या गावानं, अशा थाटात. कोल्हापूरकडचा असला तर शाहू महाराजांवर आणि त्यांनी बांधलेल्या खासबाग मैदानावर. गावच्या फडाची गोडी लागली की खासबाग आणि सांगली जिल्ह्यातल्या कुंडलचं मैदान हे पुढचे मुक्काम. सुरुवात मात्र तिथून करू नका. तिथं पैलवान लांबून बघावा लागतो, गावात त्याच्या अंगावरची माती तुमच्या शर्टावर उडते.

बैलगाडा शर्यत

सगळ्याच जत्रांत नसते, पण असली तर सकाळीच सुरू होते. सर्वोच्च न्यायालयानं 2014 मध्ये शर्यतींवर बंदी आणली, डिसेंबर 2021 मध्ये महाराष्ट्राला अटींवर परवानगी मिळाली आणि मे 2023 मध्ये घटनापीठानं राज्याचा कायदा ग्राह्य धरला. त्यामुळे आता शर्यतीला प्रशासनाची परवानगी लागते, आणि काठी, चाबूक किंवा शॉक वापरायला मनाई आहे. बिनपरवान्याच्या, आडरानात भरवलेल्या शर्यतीला जाऊ नका. पळापळ झाली की परका माणूस आधी सापडतो.

सातारा-सांगलीकडे सपाट रानावर गाड्या एकमेकींशेजारच्या पट्ट्यांतून पळतात. आधी गट, मग सेमी, मग फायनल, आणि दोन खिलार बैलांमागं हलक्या छकड्यावर गाडीवान असतो. पुण्याकडं खेड, आंबेगाव, जुन्नर भागात प्रकार वेगळा. तिथं चढाच्या घाटात चार बैलांची बारी एकटीच पळते, पुढं घोडी असते आणि निकाल घड्याळातल्या सेकंदांवर लागतो. उभं राहायची जागा दोन्हीकडे एकच: बाजूला, दोरीच्या किंवा बॅरिकेडच्या मागं. निशाणाच्या पलीकडे कधीही उभं राहू नका. रेषा ओलांडली म्हणून बैल थांबत नाहीत, जखमी होणारी माणसं बहुतेक तिथलीच असतात.

रात्र

छबिना म्हणजे पालखीची मिरवणूक. ती सावकाश चालते, दर चार घरांपुढं थांबते, बायका पाणी घालून ओवाळतात. मागं ढोल-लेझीम नाहीतर गजी ढोल. पालखीच्या पुढं जाऊन मोबाईल धरून उलटं चालणारे लोक गावाला आवडत नाहीत. बाजूनं चाला, खांदा द्यायला बोलावलं तर चप्पल काढून द्या.

तमाशाला जायचं की नाही, हा प्रश्न शहरी घरांत अजून विचारला जातो. जा. बहुतेक गावांत सुपारीचा तमाशा असतो, म्हणजे पैसे गावानं दिलेले आणि बघणाऱ्याला फुकट. ही सुपारी ठरते ती मुख्यतः जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावात. हंगामात तिथं तमाशाच्या फडांच्या (मंडळांच्या) राहुट्या लागतात आणि गावोगावचे कारभारी येऊन तारखा पक्क्या करतात. सुरुवात गणानं (गणपतीचं स्तवन), मग गवळण (कृष्ण आणि गौळणी), मग बतावणी (विनोदी सवाल-जवाब), मग गाणी आणि शेवटी वग, म्हणजे नाटक. नवखे लोक गाण्यांपर्यंत थांबतात आणि वग लागला की उठतात, हे उलटं आहे. गाणी हल्ली बरीचशी सिनेमाची असतात. सोंगाड्याची जीभ चालते ती बतावणीत आणि वगात, गावच्या सरपंचापासून दिल्लीपर्यंत कुणालाही न सोडता. बाया-माणसं कुठं बसलीत ते बघून कुटुंबासह असाल तर तिकडं बसा, आणि स्टेजवर नोटा उडवणाऱ्यांच्या टोळक्यापासून लांब. तिथं मध्यरात्रीनंतर हमखास बाचाबाची होते.

अंथरूण-पांघरूण मागायला लाजू नका. जत्रेच्या रात्री गच्ची, ओसरी, ट्रॅक्टरची ट्रॉली, सगळीकडं पाहुणे झोपलेले असतात, त्यात एक वाढला तर कुणाचं बिघडत नाही. पहाटे गारवा पडतो, चादर पिशवीत असू द्या.

सकाळी तमाशाची हजेरी असते का, हे कमिटीवाल्यांना आदल्या रात्रीच विचारा. काही गावांत दुसऱ्या दिवशी सकाळी तोच फड उघड्यावर तास-दोन तास पुन्हा उभा राहतो. दिवे नाहीत, मेकअप अर्धाच, ढोलकीवाला समोर चार हातांवर. रात्री गर्दीत जे ऐकू आलं नव्हतं ते इथं ऐकू येतं. लावणीची जुनी फर्माईश करायची असेल तर हीच वेळ, फक्त ती आरडून करू नका, कमिटीतल्या माणसाकडून चिठ्ठी पाठवा. हजेरी संपायला अकरा वाजतात. परतीची एसटी त्यानंतरचीच धरा, आणि गोडी शेव निघताना घ्या, आदल्या दिवशी घेतलेली घरच्या पोरांनी तोवर संपवलेली असते.